सोळा मिलिसेकंदांची रांगोळी

ग्रँट रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला लॉर्ड लॅमिंग्टन लोकांच्या जिभेवरून अजून उतरलेला नाही. दोनेक वर्षांपूर्वी या रस्त्यावरच्या एका दुकानात मी भाच्याबरोबर उभी होते. मुलगा अकरावीतला, डोंबिवलीचा. मुंजीत जमलेले पैसे, दहावीचं बक्षीस आणि आजीने गुपचूप हातात कोंबलेल्या नोटा असं सगळं मिळून त्याच्याकडे पंचावन्न हजार झाले होते. त्यात त्याला गेमिंग पीसी असेंबल करायचा होता. मॉनिटर वेगळा, तो मावशीच्या खात्यावर.

दुकानदाराने एका पाठकोऱ्या कागदावर सात ओळी खरडल्या. रायझन ५ ५६००. बी५५० बोर्ड. आठ अधिक आठ रॅम. ५०० जीबी एसएसडी. आरएक्स ६६००. एसएमपीएस. कॅबिनेट. पुढे आकडे, खाली बेरीज, आणि बेरजेखाली ‘प्लस जीएसटी’. किराण्याची यादीच जशी.

“यातलं सगळ्यात महाग काय?” मी विचारलं.

“ग्राफिक्स कार्ड. अगं मावशी, तेच तर सगळं करतं.”

सगळं म्हणजे काय? ती चिठ्ठी मी घरी आणली आणि पुढचे पंधरा दिवस तिच्या एकेका ओळीत हरवून गेले. किराण्याच्या यादीत एवढी नवलाई असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

कार्डापासून सुरुवात करू. तुमच्यासमोरच्या साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६००. ही एक ठिपक्यांची रांगोळी समजा. गेममध्ये तुम्ही मान जराशी वळवलीत की सगळी रांगोळी पुसायची आणि नव्याने भरायची: झाडाची सावली सरकली, भिंतीवरचं ऊन बदललं, डबक्यातलं आभाळ हललं. आणि हे किती वेळा? सेकंदाला ६० वेळा. म्हणजे वीस लाख ठिपक्यांची एक रांगोळी भरायला मिळतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. तुमची पापणी एकदा लवेपर्यंत अशा अर्धा डझनाहून जास्त रांगोळ्या काढून पुसून झालेल्या असतात.

बरं, ठिपका भरायचा म्हणजे नुसता रंग टाकायचा असंही नाही. गेममधलं सगळं जग त्रिकोणांचं बनलेलं असतं. शत्रूचं नाक त्रिकोणांचं, गाडीचं चाक त्रिकोणांचं. त्रिकोणच का? तीन बिंदू कसेही ठेवा, ते एकाच सपाट पातळीत बसतात. चार पायांचं स्टूल डुगडुगतं, तिपाई कधी डुगडुगत नाही, तेच हे. आता प्रत्येक ठिपक्यासाठी शोधायचं की इथे कोणता त्रिकोण दिसतोय, त्याच्या पुढे दुसरा कुठला आडवा आलाय का, उजेड कुठून पडतोय, पृष्ठभाग ओला आहे की कोरडा. मग रंग.

एकटा माणूस कितीही हुशार असला तरी हे त्याच्याने व्हायचं नाही. पण या कामात एक गंमत दडलेली आहे: डावीकडच्या ठिपक्याचा रंग ठरवायला उजवीकडच्या ठिपक्याला सहसा काही विचारावं लागत नाही. प्रत्येक जण आपापला ठिपका भरू शकतो. मग एक हुशार माणूस ठेवण्याऐवजी हजारो साधी माणसं का ठेवू नयेत? ग्राफिक्स कार्ड म्हणजे नेमकं हेच. आरएक्स ६६०० मध्ये असे १,७९२ छोटे गणिती आहेत.

आणि हे गणिती सुटेसुटे काम करत नाहीत. ते बत्तीस-बत्तीसच्या पथकांत उभे असतात आणि आज्ञा सगळ्या पथकाला एकच मिळते. अगदी शाळेतल्या लेझीम पथकासारखं. ‘गुणा’ म्हटलं की बत्तीसच्या बत्तीस गुणतात, प्रत्येकाच्या हातातली संख्या तेवढी वेगळी. मग बत्तिसांपैकी पाच जणांच्या ठिपक्यावर काच आली आणि त्यांना वेगळं गणित करावं लागलं तर? उरलेले सत्तावीस लेझीम खाली धरून मुकाट उभे राहतात, त्या पाचांचं होईपर्यंत. वाया गेला ना वेळ? गेला. पण आज्ञा देणारा एकच पुरतो म्हणून त्या जागेत आणखी गणिती बसवता येतात, आणि हा सौदा फायद्याचा ठरतो. १,७९२ ला ३२ ने भागलं की ५६ पथकं होतात. ही ५६ लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

मी कागदावर हिशेब मांडला. दर रांगोळीत प्रत्येक गणित्याच्या वाट्याला साधारण साडेअकराशे ठिपके येतात. घड्याळाचे ठोके सेकंदाला दोनशे कोटी धरले तर एकेका ठिपक्यामागे त्याला सुमारे २९ हजार ठोके मिळतात. एका ठिपक्यासाठी एकोणतीस हजार! डबक्यातलं आभाळ इतकं खरं का दिसतं हे मला त्या दिवशी कळलं.

इथे पुण्याची आठवण येणं अपरिहार्य आहे. अमेरिकेने महासंगणक द्यायला खळखळ केल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे १०० कोटी गणितं. देशाची मान उंचावली होती आणि ते योग्यच होतं. भाच्याच्या चिठ्ठीतल्या पाचव्या ओळीचा कमाल वेग मात्र सेकंदाला ८.९ लाख कोटी गणितं आहे. ही गणितं कमी दशांशस्थळांची, तेव्हा तुलना थोडी ढिली आहे. जास्त काटेकोर गणितांचा वेग धरला तरी हे कार्ड ‘परम’च्या पाचशे पटींहून पुढे जातं. आणि मुलगा त्यावर काय करणार? खोट्या शहरात खोटी गाडी चालवणार. मला यात अजिबात काही वाईट वाटत नाही. खेळाच्या हौसेनेच हे यंत्र इतकं स्वस्त केलं. एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड काढून त्याला ‘जीपीयू’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा डोळ्यांसमोर होते फक्त गेम खेळणारे. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रं ओळखायला शिकणारं ‘अलेक्सनेट’ तयार केलं, तेही ३ जीबीच्या दोन गेमिंग कार्डांवर. आज ज्या एआयची सगळीकडे चर्चा आहे त्याचं पाळणाघर म्हणजे गेमवेड्यांचं सामान.

आता पहिली ओळ. ग्राफिक्स कार्डच सगळं करत असेल तर प्रोसेसर कशाला?

घरात पोळ्या करायला दोघी उभ्या राहिल्या की एक लाटते आणि एक भाजते. प्रोसेसर लाटणारा. गेमच्या जगात या क्षणी काय घडलं, गोळी कुठे गेली, शत्रू काय ठरवतो, दार उघडलं की नाही, हे सगळं तो ठरवतो आणि ‘हे अमुक चित्र काढ’ अशी लाटी कार्डाकडे सरकवतो. कार्ड भाजतं. आता सांगा, तासाभरात पोळ्या किती होतील? जी हळू आहे तिच्या वेगाने. लाटणारी कितीही तरबेज असली आणि तवा एकच असला तर पोळपाटावर लाट्या साचतात. तवे चार असले आणि लाटणारी नवखी असली तर तवे नुसते तापून धूर काढतात.

थोडक्या पैशात पीसी जुळवण्याची सगळी मेख इथेच आहे. पंचावन्न हजारांत सगळ्यात भारी प्रोसेसर घेणं सोपं आहे, सगळ्यात भारी बोर्ड घेणंही सोपं आहे. अवघड आहे ते कुणीच कुणाची वाट बघत उभं राहणार नाही अशी जोडी लावणं. म्हणून बजेटचा जवळजवळ चाळीस टक्के भाग कार्डाला जातो, आणि प्रोसेसरला त्या मानाने बराच कमी. शिवाय पडदा मोठा घेतला की पोळीचा आकार वाढतो: लाटणारीचं काम फारसं वाढत नाही, भाजणारीचं पावणेदोनपट होतं. फुल एचडीवरून त्याच्या वरच्या, २,५६० गुणिले १,४४० ठिपक्यांच्या पडद्यावर उडी मारायचा भाच्याचा हट्ट मी याच हिशेबाने मोडून काढला.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोअर असतात, म्हणजे सहा लाटणाऱ्या. निदान खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. पण ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ते बसलेत त्यावर प्रत्यक्षात कोअर आहेत आठ!

दोन कुठे गेले? कुठेच नाहीत. तिथेच आहेत, मिटलेले.

हे समजून घ्यायला तैवानला जावं लागतं. तिथे टीएसएमसीच्या कारखान्यात ३०० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मोठ्या ताटाएवढी सिलिकॉनची चकती घेतात आणि तिच्यावर प्रकाशाने नक्षी उमटवतात. प्रकाशाची लहर १९३ नॅनोमीटर लांबीची, आणि काढायच्या असतात तिच्याहूनही कितीतरी बारीक रेघा. जाड खडूने बारीक रेघ काढण्यासारखंच. जमवलं कसं? एक युक्ती तर ऐकूनच मी थक्क झाले: भिंग आणि चकती यांच्या मधल्या फटीत शुद्ध पाणी भरायचं. पाण्यात काठी वाकडी दिसते ना, तसा पाण्यात प्रकाशही जास्त वळतो आणि रेघ आणखी बारीक उमटते. तेवढ्याने भागलं नाही तर एकच नक्षी तुकड्या-तुकड्यांनी, थरावर थर देत छापायची. अशा एका ताटातून करंगळीच्या नखाएवढ्या, ८१ चौरस मिलिमीटरच्या, सातशे-आठशे वड्या पडतात. प्रत्येक वडीत ४१५ कोटी ट्रान्झिस्टर. ग्राफिक्स कार्डाच्या चिपमध्ये तर १,१०६ कोटी; पृथ्वीवर माणसंसुद्धा एवढी नाहीत.

आता मला सांगा, चारशे पंधरा कोटी गोष्टी एकही चूक न करता कोण बनवू शकेल? कुठेतरी धुळीचा एखादा कण बसतोच, एखादी रेघ कुठेतरी तुटतेच. वडीचा एक कोपरा बिघडला म्हणून सगळी वडी फेकायची? कोणतीही गृहिणी असं करणार नाही, आणि चिप बनवणारेही करत नाहीत. बिघडलेला कोअर कायमचा मिटवायचा, जोडीला आणखी एक मिटवून सम संख्या करायची आणि वडी ‘सहा कोअरची’ म्हणून कमी किमतीत विकायची. आठही शाबूत असलेली वडी ‘रायझन ७’ म्हणून महाग जाते. दोघींची आई एक, ताट एक.

त्या ५६ पथकांची गंमतही हीच. आरएक्स ६६०० च्या चिपवर पथकं असतात ६४. आठ झोपलेली. ६४ च्या ६४ जागी असलेली चिप ‘आरएक्स ६६०० एक्सटी’ या नावाने जास्त पैशांना विकली गेली. इंटेलच्या आय५-१२४००एफ मधला ‘एफ’ही असाच. त्या प्रोसेसरच्या पोटातला चित्र काढणारा भाग बंद केलेला असतो, म्हणून तो स्वस्त. स्वस्तातल्या पीसीचे पार्ट म्हणजे बऱ्याचदा पहिल्या नंबराच्या घराण्यातली, एखादं बोट दुखावलेली पोरं.

अर्थात हा व्यापार आहे, नुसता दयाळूपणा नाही. कारखान्याचा हात बसला की बिघडलेल्या वड्या कमी निघू लागतात, आणि स्वस्त मालाला मागणी मात्र तेवढीच. मग धडधाकट वडीचेही दोन कोअर मिटवून ती सहाची म्हणून विकतात. २००९ च्या सुमारास एएमडीचे तीन कोअरचे ‘फेनम’ प्रोसेसर मिळायचे, तेव्हा हौशी लोकांनी बोर्डाच्या सेटिंगमध्ये खटपट करून त्यातला चौथा झोपलेला कोअर जागा करून दाखवला होता. सगळ्यांचा होत नसे. ज्याचा खरोखर अधू असे त्याचा पीसी धाडकन बंद पडे. लॉटरीच ती. आता असं करता येत नाही, आणि भाच्याला त्याचं फार दुःख आहे.

तिसऱ्या ओळीकडे येऊ. रॅम. ‘आठ अधिक आठ’ का, एकच सोळाची काडी का नाही? दुकानदार म्हणाला, “ड्युएल चॅनल.” उत्तर बरोबर होतं, पण त्यामागचं कारण ऐकण्यासारखं आहे.

प्रोसेसरचं घड्याळ पूर्ण जोरात असताना सेकंदाला ४४० कोटी ठोके देतं. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात प्रकाश किती अंतर जातो? प्रकाश, ज्याच्यापेक्षा वेगवान काही नाही, तो? सात सेंटीमीटरसुद्धा नाही. तुमच्या तर्जनीएवढं. म्हणजे प्रोसेसरपासून रॅमच्या काडीपर्यंत जाऊन परत यायला प्रकाशालाही एक ठोका पुरत नाही! संगणक इतका वेगवान झालाय की त्याच्या स्वतःच्या पोटातली अंतरं त्याला लांब पडू लागली आहेत.

एक खेळ करून बघा. प्रोसेसरचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असं समजा. अगदी हाताशी ठेवलेली माहिती त्याला चारेक सेकंदांत मिळते, म्हणजे ओट्यावरचा मिठाचा डबा. त्याच्या पोटातल्या ३२ एमबीच्या कोठारात जायला पाऊण मिनिट, म्हणजे फडताळ. रॅमपर्यंत जाऊन यायला पाच मिनिटं. म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. एसएसडी? तीन दिवस. आणि जुनी, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क? दीड-पावणेदोन वर्षं! फोडणी कढईत तडतडतेय आणि मोहरी आणायला गेलेला माणूस पुढच्या दिवाळीनंतर उगवतोय. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पीसीत हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली की तो नवा का वाटायला लागतो, याचं याहून चांगलं उत्तर मला सापडलेलं नाही.

आता रॅमच्या दोन काड्या म्हणजे वाण्याकडे जाणारे दोन रस्ते. वाणी जवळ येत नाही, पण एका फेरीऐवजी दोघं जण एकदम पिशव्या आणतात. ३,२०० वेगाच्या एका काडीतून सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींतून ५१.२. पैसे जवळपास तेवढेच. फुकटात मिळणारा असा फायदा मी मुंबईत दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. एकच अट: काडीवर ३,२०० लिहिलेलं असलं तरी बोर्ड तिला बऱ्याचदा भीत भीत कमी वेगानेच चालवतो, जोवर तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन परवानगी देत नाही तोवर. कित्येक जण वर्षानुवर्षं ती देतच नाहीत.

आणि रॅमचं पोट उघडून पाहिलं तर? सोळा जीबी म्हणजे सुमारे १३,७०० कोटी इवलेसे हौद. भरलेला हौद म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. १९६० च्या दशकात आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलेली ही कल्पना. पण हे सगळे हौद गळके आहेत! एकदा भरून ठेवले की क्षणात आटायला लागतात. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक हौद वाचायचा आणि पुन्हा काठोकाठ भरायचा. अखंड, सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, सगळेच्या सगळे. पीसी नुसता चालू ठेवून तुम्ही चहाला गेलात तरी आत ही पाणक्यांची धावपळ सुरूच असते. वीज गेली की धावपळ थांबते आणि रॅम सगळं विसरते.

एसएसडी मात्र विसरत नाही. तिच्यातले इलेक्ट्रॉन चहूबाजूंनी बंद असलेल्या कोठडीत कोंडलेले असतात. अशा कोठड्यांची ‘फ्लॅश’ मेमरी ही तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची १९८० च्या दशकातली करामत. कोठडीत इलेक्ट्रॉन किती आहेत याच्या आठ पातळ्या ओळखल्या की एका कोठडीत तीन बिट मावतात, सोळा ओळखल्या की चार. जितक्या पातळ्या जास्त तितकी एसएसडी स्वस्त, आणि तितकी लवकर झिजणारी. मधली घ्यावी.

मग दुकानदार म्हणाला, “एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फ्री देतो.” इथे मात्र भाचा आणि मी एकदमच “नको” म्हणालो. त्याचं कारण यूट्यूब, माझं कारण आमच्या घरचं दोन वेळा जळालेलं वायरिंग.

प्रोसेसर किती विजेवर चालतो, अंदाज करा. ६५ वॉट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी वीज. पण त्याला व्होल्ट लागतात सव्वाच्या आसपास. वॉटला व्होल्टने भागा: पन्नासहून जास्त अँपिअर! तुमच्या बेडरूममधला दीड टनाचा एसी घेतो सात-आठ. करंगळीच्या नखाएवढ्या वडीतून सहा-सात एसींचा प्रवाह वाहतोय आणि ती वितळत नाही. पाऊण-एक मिलिमीटर जाडीच्या वायरीतून एवढा प्रवाह नेला असता तर धूर निघाला असता. म्हणून एसएमपीएस भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करतो. त्यासाठी तो विजेचे सेकंदाला पन्नास हजारांहून जास्त तुकडे करतो, कारण तुकडे जितके बारीक तितका ट्रान्सफॉर्मर छोटा पुरतो. नाहीतर जुन्या स्टॅबिलायझरसारखं धूड कॅबिनेटमध्ये बसवावं लागलं असतं. पुढचं बाराचे सव्वा करणं बोर्डावर होतं, प्रोसेसरच्या अगदी उशाशी. बी५५० बोर्डाच्या किमतीतला मोठा वाटा या शेवटच्या दोन इंचांच्या वीजमंडळाचा असतो. तेव्हा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा, ‘ब्राँझ’ छापाचा, ५५० वॉटचा घेतला. याच्यावर पैसे वाचवणं म्हणजे सोन्याच्या दागिन्याला सुतळीचा फासा.

उष्णतेचं काय? हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळव्याशी तुलना करून पाहिली, तर दर चौरस सेंटीमीटरमागे ती वडी दसपट उष्णता सोडते. कार्डावर ही आग वाहून न्यायला तांब्याच्या नळ्या असतात. त्या भरीव नसतात. आतली हवा काढून टाकलेली असते आणि थेंबभर पाणी ठेवलेलं असतं. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, गार टोकाला जाऊन पुन्हा पाणी होतं, नळीच्या आतल्या जाळीतून झिरपत परत येतं. पंप नाही, मोटर नाही. अशा प्रत्येक कार्डात एक बंदिस्त पावसाळा आहे, आणि हीच युक्ती उपग्रह थंड ठेवायलाही वापरतात.

कॅबिनेटबद्दल एवढंच सांगते: समोरून जाळी असलेलं घ्या. काच आणि रंगीत दिवे यांनी हवा येत नाही.

कुणीतरी सल्ला दिला, सेकंडहँड कार्ड घ्या, स्वस्त पडेल. तेव्हा बाजारात ती पुष्कळ होती. याचंही कारण मजेदार. इथेरियम हे आभासी चलन खणायला लोकांनी गेमिंग कार्डांच्या राशी लावल्या होत्या, रात्रंदिवस चालणाऱ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने हिशेबाची पद्धतच बदलली, खाणकाम संपलं आणि राबलेली कार्डं बाजारात आली. चिप सहसा टिकते, झिजतात पंखे. पण वॉरंटी नाही आणि मुलाचे पैसे मुंजीचे. आम्ही जीएसटी बिल घेऊन नवीनच घेतलं.

राहिला माझ्या वाट्याचा मॉनिटर. तो निवडताना मला एक आडवाटेची माहिती मिळाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८८८ साली फ्रीडरिख राइनित्झर नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर प्रयोग करत होता. त्याच्यापासून बनवलेला पदार्थ तापवला तर तो दोनदा वितळला! १४५ अंशांच्या पुढे गढूळ द्रव, आणि १७८ च्या पुढे स्वच्छ द्रव. मधल्या त्या गढूळ अवस्थेत तो धड द्रव नव्हता, धड स्फटिकही नव्हता. हेच लिक्विड क्रिस्टल, एलसीडीमधलं एलसी. वीस लाख ठिपक्यांची आपली रांगोळी ज्या पाटावर उमटते त्या पाटाचं मूळ गाजरात आहे.

रविवारी डोंबिवलीत जमिनीवर चादर पसरून आम्ही सगळं जोडलं. प्रोसेसर बसवायला जोर लावावा लागत नाही. १,३३१ पिना अलगद भोकांत उतरतात, तेव्हा श्वास आपोआप रोखला जातो. रॅमच्या काड्या खटकन बसल्या. कार्ड बसलं. भाच्याने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले.

पडदा काळा.

पाच मिनिटं पडदा काळाच. भाच्याचा चेहराही तसाच. त्याची आई, माझी ताई, म्हणाली, “फसवलं तुम्हाला.” मी वाकून पीसीची पाठ पाहिली. मॉनिटरची केबल बोर्डाच्या भोकात खोचली होती. आणि या प्रोसेसरला चित्र काढता येतच नाही. बोर्डावर ते भोक आहे ते त्याच खाचेत बसणाऱ्या दुसऱ्या भावंडांसाठी. केबल काढून वीतभर खाली, कार्डात लावली.

पांढरी अक्षरं उमटली. प्रोसेसरचं नाव, सहा कोअर, सोळा जीबी. भाचा टाळ्या पिटत होता. मी चष्मा सावरून ओळीच्या शेवटी पाहिलं: रॅमचा वेग २,४००.

“थांब,” मी म्हटलं, “गेम नंतर टाक. आधी पीसी रीस्टार्ट कर आणि डिलीटचं बटण दाबून धर.”